मदत हवी आहे : पाच पिनांचा जुना कीबोर्ड नव्या संगणकाला कसा जोडावा?

नमस्कार मंडळी,

निपाणीत माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचे, छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामे असतात आणि सीमाभागातल्या रिवाजाप्रमाणे एकाच पत्रिकेत मराठी व कन्नड दोन्ही मजकूर बसवावा लागतो. मराठी मी जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर टाइप करतो, कन्नडसाठी नुडी हे सॉफ्टवेअर वापरतो. हे सारे काम आजवर एका जड, खटखट वाजणाऱ्या १०१ कळांच्या कीबोर्डवर झाले. तो विंडोज ९५ च्या आधीचा असल्याने त्यावर विंडोजची कळ नाही आणि त्याच्या वायरीला जाड, गोल, पाच पिनांचा प्लग आहे.

जुना संगणक कायमचा बंद पडल्यामुळे मिनी पीसी घेतला, त्याला फक्त यूएसबी पोर्ट आहेत. पाच पिनांवरून सहा पिनांच्या पीएस/२ वर (यूएसबीआधीचा कीबोर्ड-माउसचा छोटा गोल प्लग) आणणारा जोड माझ्याकडे होताच. त्यापुढे यूएसबीसाठी एका दुकानदाराने अंगठ्याएवढा जांभळा अडॅप्टर दिला आणि कोणताही कीबोर्ड याने चालतो, असे ठामपणे सांगितले.

प्रत्यक्षात कीबोर्ड जोडताच नम लॉक, कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉक हे तिन्ही दिवे एकदा लुकलुकतात आणि विझतात. त्यानंतर कोणतीही कळ दाबली तरी पडद्यावर काही उमटत नाही, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. पोर्ट बदलून पाहिले, कीबोर्ड आधी जोडून मग संगणक सुरू करून पाहिला, बायोसमध्येही (विंडोजआधी उघडणारा संगणकाचा सेटिंगचा पडदा) तीच गत. ओळखीच्या एका पतसंस्थेतल्या जुन्या संगणकाला मात्र हाच कीबोर्ड पाच-सहा पिनांच्या याच जोडाने लावला, तर सगळ्या कळा उत्तम चालतात.

दोष अडॅप्टरचा असेल, तर दुकानात नेमके काय मागावे? जोडणी बदलल्याने रेमिंग्टन मांडणीत काही फरक पडेल का? आणि विंडोजच्या कळेशिवाय मराठी, कन्नड, इंग्रजी अशी भाषा कशी बदलावी? नवा कीबोर्ड घ्या, हा सल्ला कृपया नको. पातळ कळांवर माझा हात बसत नाही.

प्रतिसाद :

नमस्कार. आपण दिव्यांचे वर्णन नेमके केलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. वीज मिळताच असा कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि त्या वेळी तिन्ही दिवे एकदा लागतात. म्हणजे वीज पोहोचते आहे, बोलणे मात्र होत नाही. कॅप्स लॉकचा दिवाही कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, संगणकाने आज्ञा दिल्यावरच तो लागतो.

आपल्याला मिळालेल्या जांभळ्या अडॅप्टरमध्ये चिप नसते, फक्त तारा एकीकडून दुसरीकडे नेलेल्या असतात. पीएस/२ आणि यूएसबी या दोन्ही पद्धती ज्या कीबोर्डला स्वतःलाच कळतात, त्याच कीबोर्डांसाठी तो असतो. यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये आले, तेव्हा त्याआधीच्या कीबोर्डला ती भाषा येणे शक्यच नाही. दुकानात 'चिप असलेला पीएस/२ ते यूएसबी अॅक्टिव्ह कन्व्हर्टर' असे स्पष्ट मागावे. बहुधा त्याला आखूड वायर आणि दोन सॉकेट असतात, जांभळे कीबोर्डसाठी आणि हिरवे माउससाठी. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, तिथे चौकशी करावी, आणि शक्य झाल्यास कीबोर्ड सोबत नेऊन दुकानातच लावून पाहावा, कारण स्वस्त कन्व्हर्टर काही जुन्या कीबोर्डांशी जुळत नाहीत. पाच-सहा पिनांचा जोड तसाच राहू द्या, तिथे फक्त प्लगचा आकार बदलतो. जुने कीबोर्ड वीज जास्त घेतात, म्हणून कन्व्हर्टर हबला (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) न लावता थेट संगणकाच्या पोर्टला लावा.

मांडणीची काळजी नको. कीबोर्ड फक्त कोणती कळ दाबली याचा क्रमांक पाठवतो, त्याचे अक्षर संगणकातले सॉफ्टवेअर ठरवते.

विंडोजमध्ये भाषा बदलण्यासाठी डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबावी. स्टार्ट मेनू कंट्रोल आणि एस्केपने उघडतो. तरीही विंडोजची कळ हवीच असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधील कीबोर्ड मॅनेजरने उजव्या कंट्रोलला ते काम देता येते.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. कोल्हापुरात कीबोर्ड नेऊन दोन सॉकेटांचा कन्व्हर्टर तपासून घेतला. सर्व कळा चालतात, कॅप्स लॉकचा दिवाही लागतो आणि रेमिंग्टन जशीच्या तशी आहे. ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलते, पण पाने जुळवण्याच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये काम करताना ती जोडी चुकून दाबली जाते. म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बदलून कंट्रोल-शिफ्ट केली आहे.