मासळी बाजारात फॉर्मेलिनचा किट हवा की थर्मामीटर?

लादीबर्फ
जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पहाटे तपासणी केली. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन निघालं, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइडचं द्रावण. नंतर 'मर्यादेत आहे' असा खुलासा आला आणि लोक आणखी भडकले, कारण मासळीला फॉर्मेलिन लावायला मर्यादा नाही, सरळ मनाई आहे. पुढे परराज्यातली मासळी काही दिवस बंद झाली. तेव्हापासून 'फॉर्मेलिन नाही म्हणजे मासळी चांगली' हे डोक्यात पक्कं बसलंय, आणि ते चुकीचं आहे.

बांगडा, तारली, कुपा, गेदर, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, जिभेला तिखटासारखं चुरचुरतं. लोक म्हणतात ॲलर्जी झाली. हे हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही. मासा वासाला बरा वाटत असतानाही ते असू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं (एफडीए) मार्गदर्शन असं, की 28.3 अंशांपेक्षा गरम हवेत किंवा पाण्यात राहिलेला असा मासा मेल्यापासून 6 तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे. मे महिन्यात कोकणात यापेक्षा थंड हवा दुपारी असते का?

म्हणून माझं म्हणणं, बाजारात आधी टोकदार थर्मामीटर आणा. फॉर्मेलिन ओळखायचा किट नंतर.

निवटी
पूर्ण असहमत. हिस्टामिन हलगर्जीपणाने होतं, फॉर्मेलिन जाणूनबुजून लावतात. दोन्ही एका तागडीत घालू नका. फॉर्मल्डिहाइडला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय.

लादीबर्फ
तो निष्कर्ष मुख्यतः श्वासावाटे जाणाऱ्या फॉर्मल्डिहाइडबद्दल आहे. खाण्यातून किती जातं हा हिशेब वेगळा. तरी लावणं गुन्हाच, त्यावर वाद नाही.

निवटी
मग माझा खरा मुद्दा घ्या. फॉर्मेलिन प्रथिनांना बांधून टाकतं. मांस घट्ट राहतं, वास दबतो, म्हणजे गिऱ्हाईक ज्या खुणांवर मासा पारखतं त्याच पुसल्या जातात. बर्फ वाचवायचा म्हणून फॉर्मेलिन लावतात. तुमचं हिस्टामिन त्याच माशात आधीच तयार झालेलं असू शकतं. त्यामुळे किट आधी, थर्मामीटर नंतर. पावसाळ्यात तर हवाच. 1 जून ते 31 जुलै आपली यांत्रिक मासेमारी बंद, पूर्व किनाऱ्याची बंदी 14 जूनला उठते, म्हणजे जुलैत गाड्या तिकडूनच येणार. अंतर मोठं, मोह मोठा.

प्रयोगशाळा
किटबद्दल थोडं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (सीआयएफटी) केलेल्या किटमध्ये कागदी पट्टी माशावर घासायची, वर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. चाळणी म्हणून उत्तम. पण ही पट्टी फॉर्मल्डिहाइड ओळखते, ते *कुठून आलं* हे तिला कळत नाही.

समुद्री माशांत टीएमएओ नावाचं संयुग असतं. बोंबील आणि चोर बोंबील यांच्यातलं एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं, त्यातून डायमिथिलअमाइन आणि फॉर्मल्डिहाइड समप्रमाणात निघतात. नीट न गोठवलेला बोंबील महिनाभर ठेवला तर कोणी हात न लावता त्यात ते वाढतं, मांस स्पंजासारखं होतं. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणूनच नैसर्गिक फॉर्मल्डिहाइडच्या मर्यादा माशांच्या गटांप्रमाणे ठरवल्या आहेत, किलोला 4 मिलीग्रॅमपासून 100 पर्यंत. अहवालातला 'मर्यादा' हा शब्द लोकांना कट वाटतो, पण त्यामागे हे रसायन आहे.

निवटी
हीच पळवाट! उद्या प्रत्येक व्यापारी 'नैसर्गिक आहे' म्हणेल.

प्रयोगशाळा
म्हणू दे, पकडता येतं. दोन्ही पदार्थ मोजा. नैसर्गिक असेल तर फॉर्मल्डिहाइड डायमिथिलअमाइनपेक्षा जास्त भरत नाही, उलट काही प्रथिनांना चिकटल्याने कमीच भरतं. मोलच्या, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या हिशेबात फॉर्मल्डिहाइड वरचढ निघालं तर ते बाहेरून आलंय. आणि बांगडा, पापलेट किंवा गोड्या पाण्यातला रोहू जोरात रंग दाखवत असेल तर 'नैसर्गिक' हे उत्तर टिकतच नाही.

पाटी_आणि_कोयता
किट-थर्मामीटर भांडणात बर्फाचा हिशेब कोणीच केला नाही. 30 अंशांचा 1 किलो मासा शून्यावर आणायला साधारण 25 किलोकॅलरी काढावी लागते. 1 किलो बर्फ वितळताना 80 शोषतो. म्हणजे नुसतं गार करायलाच जवळपास 300 ग्रॅम बर्फ गेला. मग झाकण, रस्ता, दुपार. म्हणून माशाइतकाच बर्फ, ही जुनी रीत बरोबर आहे. गाडीत निम्मा घालून चालत नाही.

कसा घालतात तेही बघा. लादीचे मोठे ढेकळं टाकले की मासा चेपतो आणि मध्ये पोकळी राहते. कुटलेला बर्फ हवा: तळाला थर, मासा, वर थर, कडेलाही. खोक्याला खाली भोक हवं, नाहीतर मासा रक्ताच्या कोमट पाण्यात पोहत येतो. बर्फ कुठल्या पाण्याचा, हेही विचारा. पिण्यायोग्य पाण्याचा नसेल तर मासा गार होईल आणि दूषितही होईल.

निवटी
हे मान्य. पण गिऱ्हाइकाने काय करायचं? त्याच्याकडे किटही नाही, थर्मामीटरही नाही. 'माशी बसत नाही तर फॉर्मेलिन' एवढंच त्याला ठाऊक.

लादीबर्फ
ते सोडून द्या. चांगल्या बर्फातल्या माशावरही माशी कमीच बसते. डोळे आणि कल्ले एकत्र बघा. डोळा खोल गेलेला, कल्ले फिके, तरी अंग रबरासारखं ताठ आणि समुद्राचा वासच नाही, असा मेळ बसत नसेल तर घेऊ नका. बांगडा सगळ्यात शेवटी घ्या, पिशवीत बर्फ मागून घ्या, घरी लगेच कल्ले-आतडी काढून 4 अंशांखाली ठेवा. फ्रिजच्या दारात नको. एकदा जीवाणूंचं विकर तयार झालं की थंडीतही हिस्टामिन हळूहळू वाढतच राहतं, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवल्याने वास जातो, हिस्टामिन नाही. फॉर्मेलिनचाही फक्त सुटा भाग धुतला जातो, मांसाला बांधलेला राहतो.

खाजण
सगळे माशावरच. तिसऱ्या, कालवं, शिनाणे या शिंपल्यांचं काय? ही मंडळी दिवसभर खाडीचं पाणी गाळतात. गावाचं सांडपाणी खाडीत जात असेल तर जीवाणू, कावीळ अ (हिपॅटायटिस ए) चे विषाणू, सगळं त्यांच्यात साठतं. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्याने वाळू सुटते, विषाणू जात नाहीत. शिंपले उघडले की लगेच उतरवू नका, आणखी 3 ते 5 मिनिटं उकळू द्या. न उघडलेले फेकून द्या.

आणि काही सूक्ष्म शैवालांचं विष उकळूनही टिकतं. 1981 मध्ये तामिळनाडूत वायलूरला आणि 1983 मध्ये मंगळुरूजवळच्या कुंबळेला शिंपल्यांतून अशी विषबाधा होऊन माणसं दगावली. तिथे ना तुमचा किट उपयोगी, ना थर्मामीटर. खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी करून धोक्याच्या दिवसांत शिंपले काढणंच थांबवावं लागतं.

निवटी
शिंपल्यांचं पटलं, तो वेगळाच विभाग आहे. माशांबाबत माझी जागा थोडी सरकवते: किट गाडीवर, उतरवण्याआधी, आणि बोंबलावर नको.

प्रयोगशाळा
बोंबलाचा नमुना सरळ प्रयोगशाळेत. बांगड्याचाही हिस्टामिनसाठी घ्या, पण एक मासा नाही. नियमाने एका खेपेतले 9 नमुने लागतात. त्यातल्या दोघांपर्यंत किलोला 100 मिलीग्रॅमच्या वर चालतं, 200 च्या वर एकही नाही. एकाच पाटीत एक बांगडा साफ आणि शेजारचा विषारी असू शकतो.

लादीबर्फ
मग गाडीच्या दारातच दोन्ही करा. पट्टी वरच्या माशावर घासा, पण थर्मामीटर मधल्या खोक्यातल्या माशाच्या कण्यापर्यंत खुपसा. वरचा थर नेहमी गार असतो, व्यापारी तोच पुढे करतो.