गुडघ्यात एक्सोसोमचं इंजेक्शन: बाटलीत नेमकं काय असतं, आधी काय तपासायचं?

फिजिओ_मंगळवारपेठ
माझ्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे पेशंट असतात. साठीपुढचे, गुडघे झिजलेले. आणि तालमीतले पैलवान, लिगामेंट किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) दुखावलेले. हल्ली दोघेही विचारतात, "एक्सोसोम घेऊ का?" शहरातल्या एका सेंटरचं पत्रक हातात आलंय: "स्टेमसेलपासून काढलेले १००० कोटी कण, पेशी नाहीत म्हणून धोका नाही, कूर्चा परत तयार होते." देतात ती पावडरीची बाटली, सोबत द्रावणाची छोटी बाटली. यातलं खरं किती? आणि इंजेक्शन घेऊन आलेला पेशंट माझ्या टेबलावर आला तर मी काय बघायचं?

कणमोजणी
एक्सोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, चरबीच्या दुपदरी आवरणाची बारीक पिशवी. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. आत प्रथिनं आणि आरएनए (पेशीतले संदेश वाहणारे रेणू) असतात. १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी अपरिपक्व तांबड्या पेशींमध्ये पिशव्या बाहेर सोडायची ही वाट दाखवली, तेव्हा पेशी नको असलेला माल बाहेर टाकते असाच समज होता. २००७ मध्ये त्यांतला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन काम करतो हे दिसलं आणि उपचाराची कल्पना तिथून जोर धरू लागली. म्हणजे शास्त्र पक्कं आहे. प्रश्न बाटलीचा आहे.

वेगळे करायची जुनी रीत अशी: पेशी ज्यात वाढवल्या ते द्रव माध्यम आधी ३०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने) १० मिनिटं फिरवून पेशी काढायच्या, मग २,००० आणि १०,००० जी वर फिरवून पेशींचे तुकडे आणि मोठ्या पिशव्या काढायच्या, शेवटी १,००,००० जी वर तास-सव्वा तास. क्लिनिकमधल्या टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजला हे जमणारच नाही. त्यातून पीआरपी निघते, म्हणजे रक्तातला प्लेटलेट्स दाट असलेला द्रव. "तुमच्याच रक्तातून अर्ध्या तासात एक्सोसोम" असं कुणी म्हणत असेल तर ती पीआरपीच, फक्त दर वेगळा.

दुसरी गोम माध्यमाची. पेशी वाढवायला वासराचं सीरम वापरलं असेल तर त्यात गाईचे एक्सोसोम आधीच असतात. ते काढून टाकले नाहीत तर तेही मोजले जातात.

आता ते "१००० कोटी". मोजणारं यंत्र लेसरच्या उजेडात हलणारे ठिपके मोजतं. ठिपका एक्सोसोमचा, लायपोप्रोटीनचा (रक्तातल्या चरबीच्या कणाचा) की प्रथिनांच्या गुठळीचा, हे त्याला कळत नाही. म्हणून आकड्यासोबत तीन गोष्टी लागतात: सीडी९, सीडी६३, सीडी८१ ही आवरणावरची प्रथिनं असल्याचा पुरावा, कॅलनेक्झिनसारखं पेशीच्या आतलं प्रथिन नसल्याचा पुरावा, आणि दर मायक्रोग्रॅम प्रथिनामागे कण किती, ते. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेचा रोखही असाच आहे. नुसत्या कणसंख्येवरून शुद्धता ठरत नाही, ताकद तर नाहीच.

"पेशी नाहीत म्हणून धोका नाही" हे अर्धवट आहे. पेशी वाढून गाठ होण्याची भीती कमी, एवढंच खरं. शेवटी माल ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात, त्यात जिवाणू अडकतात. विषाणू अडकत नाहीत. एचआयव्ही साधारण १०० ते १२० नॅनोमीटरचा, हिपॅटायटिस सी ५० ते ६० चा, म्हणजे थेट एक्सोसोमच्याच मापाचे. एक्सोसोम जाऊ देईल आणि विषाणू अडवेल अशी चाळणी या मापाला मिळत नाही. म्हणून दात्याच्या तपासण्या, विषाणू निष्क्रिय केल्याचा दाखला, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि मायकोप्लाझ्मा (अगदी बारीक जिवाणू) यांचा अहवाल हे सगळं त्याच बॅचचं मागा. "आमच्याकडे सर्टिफिकेट आहे" एवढ्यावर थांबू नका.

अस्थिरोग_कोल्हापूर
गुडघ्यापुरतं बोलतो. चांगले निकाल बहुतेक उंदीर आणि सशांमधले आहेत. माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत, त्यांवरून "कूर्चा परत तयार होते" असं पत्रकावर छापता येत नाही. कूर्चेला रक्तपुरवठा नाही, पेशी विरळ, म्हणून ती भरून येणं मुळातच अवघड. शिवाय गुडघ्यात नुसतं सलाईन टोचलं तरी बऱ्याच जणांना काही आठवडे बरं वाटतं. तुलनेचा गट नसेल तर "दहापैकी आठ जणांना आराम" याला अर्थ नाही.

ड्रिपमधून देणारेही आहेत. प्राण्यांमध्ये तरी शिरेतून दिलेले कण मुख्यतः यकृत, प्लीहा आणि फुफ्फुसात जातात, गुडघ्यात नाही.

तुमच्या टेबलावरचं सांगतो, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. टोचल्यावर एक-दोन दिवस दुखणं, थोडी सूज, हे पीआरपीतही होतं. पण दुखणं ओसरण्याऐवजी वाढत गेलं, गुडघा गरम लागला, ताप आला, पाय टेकवेना, की सांध्यात पू झालाय असं धरूनच चालायचं. ताप नसला तरी, विशेषतः मधुमेह असेल तर. शेक नाही, मसाज नाही, व्यायाम नाही. त्याच दिवशी ऑर्थोकडे पाठवा आणि घरून अँटिबायोटिक सुरू करू देऊ नका. आधी सांध्यातलं पाणी काढून पेशी मोजायला, ग्रॅम स्टेनला (जंतू रंगवून बघायला) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) जाऊ दे, नाहीतर जंतू सापडत नाही. काही दिवसांत कूर्चा खलास होते, मग एक्सोसोम काय नि काय. कॅन्सर झालेल्या किंवा उपचार चालू असलेल्या माणसाला तर मी स्पष्ट नाही म्हणेन. रक्तवाहिन्या वाढवणारे संदेश त्याच्या अंगात सोडायचे नाहीत.

साठीपुढच्यांना मांडीचा पुढचा स्नायू आणि वजन हेच सांगत राहा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो.

औषधनोंद
कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत पेशी किंवा स्टेमसेलपासून बनवलेलं, औषध म्हणून वापरायचं उत्पादन "नवीन औषध" धरलंय. म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी हवी. "अभ्यास चालू आहे" म्हणत असतील तर सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) मधला नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र मागा. खऱ्या चाचणीत त्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. अमेरिकेतही नेब्रास्कात काही रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

पावडरीच्या बाटलीचं लेबल नीट वाचा. यातल्या बऱ्याचशा चेहऱ्यावर लावायच्या सौंदर्यप्रसाधन म्हणून नोंदलेल्या असतात.

फिजिओ_मंगळवारपेठ
बाटलीचा फोटो मागवला. बारीक अक्षरात "फक्त बाह्य वापरासाठी" आहे. बॅच नंबर आहे, आयात नोंदणी नाही, स्रोत नाही. घटकांत ग्रोथ फॅक्टरची (पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांची) यादी आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानाचं काय?

औषधनोंद
मग ती सांध्यात जाताच कामा नये. अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूर कार्यालयात फोटोसह लेखी तक्रार द्या. कुणाला आधीच त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ वर कळवा, ती औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी हेल्पलाइन आहे.

पैलवानाला दुप्पट धोका. पीआरपी २०११ पासून वाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांविरोधातली जागतिक संस्था) बंदीत नाही, पण आयजीएफ-१, पीडीजीएफ, व्हीईजीएफ, एफजीएफ असे ग्रोथ फॅक्टर वेगळे घेतले तर बंदीतच येतात. ड्रिपही १२ तासांत १०० मिलिलिटरच्या वर गेली तर चालत नाही, रुग्णालयातल्या उपचारासारखे मोजके अपवाद सोडून. नमुन्यात सापडलं तर "डॉक्टरांनी दिलं" म्हणून सुटका होत नाही. वस्तादांनाही हे सांगून ठेवा, पोरं आधी त्यांनाच विचारतात.

कणमोजणी
द्रावणाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेही बघा. नुसतं सलाईन असेल तर कण एकमेकांना आणि काचेला चिकटतात. विरघळवल्यावर किती शिल्लक राहिले याचा अहवाल नसेल तर लेबलवरचे १००० कोटी फार तर पावडर होण्याआधीचे.