पडीक माळ भाड्यानं घ्या म्हणे!

माणदेशी: कालची पोस्ट वाचली: "एअर रायफलच्या सरावाला जत-आटपाडीकडं पडीक माळ घ्या, ११ महिन्यांचा करार करा, कोण विचारतंय?" तलाठी विचारतो, राव. कुळकायद्याचं कलम ६३ विक्रीइतकंच भाडेपट्ट्यालाही लागतं. घेणारा शेतकरी नसेल तर परवानगीशिवाय व्यवहार बाद. आधी सातबारा काढा. वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही अशी) जमीन आहे का, किती हिस्सेदार आहेत, ते बघा. माळ दाखवणारा धाकटा भाऊ असतो, हरकत घेणारी चुलती निघते.

कृष्णाकाठ: .१७७ इंच बोअर म्हणजे नळीचं भोक, माऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आतली, अशी ही रायफल. तिला परवानाच लागत नाही, मग एवढी कागदं कशाला?

माणदेशी: परवाना लागत नाही म्हणून छर्रा हवेत विरत नाही. चुकला तर दोन-तीनशे मीटर जातो, अन् माळावर मेंढरं असतात.

खाणवाला: मग बंद दगडखाण बघा की. तीन बाजूंनी भिंत आयती.

माणदेशी: काळ्या दगडावर आपटलेला छर्रा कुठं उडेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. निशाण्यामागचा बांध चाळलेल्या मातीचाच हवा. मुरमातला खडासुद्धा चालत नाही.

खाणवाला: बरं, ट्रॅक्टरचे जुने टायर रचा. विषय संपला.

गोणपाट: विषय नाही, डोळा संपेल! रबरावरनं छर्रा सरळ माघारी येतो. छर्रा अडवायला लाकडी पेटी करा, मागं ३ मिमीचा पत्रा, पुढं जुनी गोणपाटं गच्च ठासा. रोज मारून मधोमध पोकळी पडते, मग पत्रा वाजायला लागतो. वाजला की चिंध्या उपसून परत ठासायच्या.

खाणवाला: म्हणजे गोधडीची शिकार. चालू द्या.

गोणपाट: चष्मा लावून टायरवर मारा, मग हसा. अन् माळ हवाय कशाला? बंद पोल्ट्री शेड बघा. १० मीटरवरच्या नेमबाजीला लांबी पुरून उरते, वारा नाही, मेंढरं नाहीत. जाळीला आतनं प्लायवूड मारा. झाडू मात्र मारू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसा.

माणदेशी: शेडखालची जमीन शेतीचीच, ६३ तिथंही आहेच. बाकी शेडचं पटलं. गोणपाटाकडनं पटलं याचंच वाईट वाटतंय.

कृष्णाकाठ: पटलं असेल तर आधी लाईटचं मीटर बघा. स्पर्धेच्या नियमानं निशाण्याच्या कार्डावर १५०० लक्स उजेड पडायला हवा, अन् बंद शेडची लाईट बहुतेक थकबाकीत तोडलेली असते.