मदत हवी आहे : फायबरची होडी बांधायला दिली आहे, काम नीट चाललंय हे कसं ओळखायचं?

मंडळी, आम्ही हुक्केरीकडचे. हिडकल धरणाच्या पाण्यात मासेमारीसाठी काकांनी मालवणकडे अठरा फुटी होडी सांगितली आहे. निम्मे पैसे दिलेत. बाकीचे टप्प्याटप्प्याने, म्हणजे कारागीर फोटो पाठवणार आणि आम्ही पैसे.

मेमध्ये आंबोली घाटातून जाऊन आलो, तेव्हा साच्यात पांढरा जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) मारून झाला होता. मॅटच्या (काचतंतूंच्या चटईसारख्या कापडाच्या) एका तुकड्याला हात लावला तर बेळगावात पोचेपर्यंत मनगट खाजत होतं! त्यानंतर मात्र नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. परवाचा 'नवीन' फोटो बघितला तर मागच्या भिंतीवर कॅलेंडर मे महिन्याचंच. फोन केला की "होतली, काळजी करू नकात." माणूस वाईट वाटत नाही, पण काकांना रात्री झोप नाही.

आता विचारायचं ते असं. पावसाळी दमट हवेत रेझिन (काचतंतू चिकटवून घट्ट करणारं रसायन) नीट सुकत नाही, ही भीती खरी आहे. मग मॅट आणि रोव्हिंगचे (जाड विणलेल्या काचतंतूंच्या कापडाचे) थर आत्ता चढवू द्यावेत की उघडीप मिळेपर्यंत थांबवावं? थरांमध्ये हवेचे बुडबुडे राहिलेत का, हे फोटोत कळतं का, की नाण्याने ठोकून आवाजच ऐकायला हवा? आणि बैठकीखाली फोम भरून वरून बंद करण्याआधी एक फेरी मारावीच ना? घाटात दरड-धुकं असतं, तीनदा जाणं जमणार नाही. एकदाच जायचं तर नेमकं कधी?

कोकणातल्या किंवा कारवारकडच्या कुणी होडी बांधून घेतली असेल तर सांगा की.