जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' बघितला, ईथन डोक्यातून जात नाहीये

रानवारा:
काल रात्री 'द सर्चर्स' (१९५६) पहिल्यांदाच बघितला. वेस्टर्न म्हणजे घोडे, धूळ, पिस्तुलं आणि शेवटी समोरासमोर गोळीबार, एवढीच माझी समजूत होती. इथे जॉन वेनच्या ईथनला हिरो म्हणावं का तेच कळेना. कोमान्ची या मूळ अमेरिकन जमातीचे लोक त्याच्या भावाचं घर जाळतात, लहान पुतणीला डेबीला पळवून नेतात, हा वर्षानुवर्षं तिला शोधत हिंडतो आणि मधेच कुठेतरी आपल्या पोटात गोळा येतो की अरे हा तिला सोडवायला नाही, मारायला निघालाय, कारण ती आता 'त्यांच्यातली' झाली. एका मेलेल्या कोमान्चीच्या डोळ्यांत गोळ्या घालतो, का तर त्याच्या आत्म्याला वाट दिसू नये, वाऱ्यावर भटकत राहावा. मला रात्री झोप नाही लागली. फोर्ड या माणसाच्या बाजूने आहे की विरुद्ध? आणि त्याचं अजून काय बघू?

तिसरी घंटा:
उत्तर सिनेमातच आहे, फक्त फोर्ड ते तोंडाने बोलत नाही. सुरुवातीचा कोटाचा सीन आठवा. ईथन निघायच्या तयारीत आहे, त्याची वहिनी मार्था आतल्या खोलीत त्याचा कोट हातात घेऊन कुरवाळते, आणि पुढे वॉर्ड बॉन्ड हा नट उभ्या उभ्या कॉफी पितोय. त्याला सगळं दिसलंय पण तो नजर समोर ठेवतो, वळून बघत नाही. एक शब्द नाही आणि त्या घरात काय आहे ते सगळं कळतं. ती मेल्यावर ईथनचा राग कुठून येतो तेही इथेच कळतं.

आता शेवट. डेबीला घरात नेतात, सगळे आत जातात, ईथन एकटा उंबरठ्याबाहेर. डाव्या हाताने उजवं कोपर धरतो, वळतो, चालू लागतो, दार बंद. वाऱ्यावर भटकण्याचा जो शाप त्याने त्या मेलेल्याला दिला तोच त्याच्या वाट्याला आला. अजून कसं विरुद्ध जायचं दिग्दर्शकाने?

ते कोपर धरणं हॅरी कॅरीची लकब. मूकपटांच्या काळात फोर्डने १९१७ पासून त्याला घेऊन कितीतरी वेस्टर्न केले, १९४७ मध्ये तो वारला. आणि त्या शेवटच्या सीनमध्ये मिसेस जॉर्गेन्सन झालेली ऑलिव्ह कॅरी ही त्याचीच बायको. हे माहीत झाल्यापासून ते दार बंद होताना माझा घसा दाटतो.

ओलीमाती:
तिसरी घंटा, कोटाच्या सीनबद्दल शंभर टक्के सहमत, पण एवढं सोपं नाही हो ते. त्याच सिनेमात 'लुक' नावाची कोमान्ची बाई आहे, ईथनसोबत डेबीला शोधणाऱ्या मार्टिनच्या गळ्यात चुकून पडलेली बायको. तिला तो लाथ मारून उतारावरून खाली ढकलतो आणि तो सीन हसण्यासाठी घेतलाय, तिथे फोर्ड कोणाच्या बाजूने आहे? पुढे घोडदळाने मारलेल्या वस्तीत तिचं प्रेत सापडतं तेव्हा वाईट वाटायला लावतो, पण आधीचं हसू पुसलं जात नाही. आणि कोमान्चींचा म्होरक्या स्कार, त्या भूमिकेत हेन्री ब्रँडन, जर्मनीत जन्मलेला गोरा माणूस. 'स्टेजकोच'मध्ये (१९३९) तर अपाचींना चेहराच नाही, नुसते धुळीतून येतात आणि गोळ्या खाऊन पडतात. फोर्ड मलाही प्रचंड आवडतो, पण आवडतो म्हणून हे झाकायचं नाही.

जुनं थेटर:
ओलीमाती, तुमचं म्हणणं मान्य, आणि मला वाटतं म्हातारपणी फोर्डलाही ते मान्य होतं. थोडं मागून सांगतो. हा आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, १८९४ चा जन्म, मेन राज्यातला, खरं आडनाव फीनी. दिग्दर्शनाची ४ ऑस्कर, आजवर तेवढी कोणालाच नाहीत, आणि त्यातलं एकही वेस्टर्नसाठी नाही. तरी १९५० मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेत सेसिल डीमिल अध्यक्ष मँकिएविझला खाली खेचायला बघत होता, तेव्हा हा उठला आणि आपली ओळख काय करून दिली, तर मी जॉन फोर्ड, वेस्टर्न करतो. मग डीमिलला तोंडावर सुनावलं.

मॉन्युमेंट व्हॅली, ती उंच खडकांची वाळवंटी दरी, त्याने जगाला दाखवली हे खरं, पण ती त्याला दाखवली हॅरी गोल्डिंग नावाच्या तिथल्या व्यापाऱ्याने. मंदीत तिथल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांचे हाल चाललेले, म्हणून हा बाबा १९३८ मध्ये फोटो घेऊन थेट हॉलिवूडला धडकला. तेव्हापासून फोर्डने तिथे ७ वेस्टर्न केले, नावाहोंना काम मिळालं, त्यांनी त्याला आपल्या भाषेत नावही दिलं. पण पडद्यावर ते कधी अपाची, कधी कोमान्ची, कधी शायेन, नावाहो म्हणून जवळजवळ नाहीच.

आता क्रमाने बघा. 'फोर्ट अपाची'त (१९४८) अपाचींचा म्होरक्या कोचीस शब्दाचा पक्का आहे आणि मूर्ख निघतो तो हेन्री फोंडाचा कर्नल, अहंकारापायी सगळी तुकडी मारून घेतो. शेवटी पत्रकार त्याला शूरवीर म्हणतात आणि जॉन वेन, ज्याला खरं माहितीये, तो होला हो करतो. १९६० च्या 'सार्जंट रटलेज'मध्ये काळा सैनिक मध्यभागी, वुडी स्ट्रोड. आणि १९६४ च्या 'शायेन ऑटम'मध्ये १८७८ साली आपल्या मुलुखाकडे परत निघालेल्या शायेनांची बाजू. तेव्हा तो म्हणाला होता की कस्टरपेक्षा (त्यांच्याशी लढलेला अमेरिकन सेनाधिकारी) जास्त इंडियन, म्हणजे मूळ अमेरिकन, मीच मारलेत, त्यांचीही बाजू दाखवायची होती. सिनेमा लांबलाय, मुख्य शायेन भूमिकांत पुन्हा मेक्सिकन वगैरे नट, ओलीमाती, तुमची तक्रार तिथेही उरतेच. पण सत्तरीचा माणूस स्वतःच्याच सिनेमांना उत्तर द्यायला बसलाय हे मला फार मोठं वाटतं.

रानवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता कोटाचा सीन परत लावून बघितला. काल मी तेव्हा सबटायटल वाचायच्या नादात वॉर्ड बॉन्डकडे बघितलंच नव्हतं. पुढचा कुठला लावू, 'शायेन ऑटम'?

तिसरी घंटा:
नको, तो शेवटी ठेवा. आधी 'फोर्ट अपाची', मग 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२). त्यात मॉन्युमेंट व्हॅली नाही, कृष्णधवल, बहुतेक सगळा स्टुडिओतच, पण 'फोर्ट अपाची'चं ते खोटं इथे अख्खा सिनेमा झालंय. कथानक आधी वाचू नका. आणि दोन्हीत दारं बघा, कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं.

ओलीमाती:
आणि लुकचा सीनही परत बघा, रानवारा. तोही फोर्डच आहे.