मदत हवी आहे: ५,००० रुपयांच्या आत, फोनवर चालणारा, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन

नमस्कार मंडळी,

मी आर्णी तालुक्यातला (जि. यवतमाळ). शेती करतो, आणि कामासाठी यष्टीने यवतमाळला सारखं जाणं-येणं असतं. गाणी ऐकायला मिळतात ती दोनच ठिकाणी, गाडीत आणि शेतात. घरी टीव्ही आणि लेकरं असल्यावर ख्याल कोण ऐकू देणार!

कानात खुपसायचे इअरफोन मला सोसत नाहीत. कानावर नुसते टेकणारे हेडफोन वापरून झाले, पण चष्म्याच्या दांड्या दाबल्या जातात आणि यवतमाळ येईपर्यंत कानाच्या पाळ्या दुखायला लागतात. म्हणून कप मोठे हवेत, अख्खा कान आत जाईल असे. ब्लूटूथ नको. फोन चार्ज करायलाच लाइटची वाट पाहावी लागते, त्यात आणखी एक बॅटरी कुठे सांभाळू? शेतात नेट धड नसतं, त्यामुळे सगळी गाणी मेमरी कार्डात आहेत. काही ३२० केबीपीएसची एमपी३, काही फ्लॅक (आवाज न गमावणाऱ्या मोठ्या फाइली).

ऐकतो काय, तर ख्याल, तबला, नाट्यसंगीत आणि खंजिरी भजनं. तालुक्याच्या मोबाइल दुकानात जे दाखवतात त्यावर ‘एक्स्ट्रा बास’ छापलेलं असतं. त्यात डग्गा एवढा फुगतो की गायक त्याच्यामागे दडतो. उलट काहींमध्ये खंजिरीच्या चकत्या कानाला चावतात. माझी परीक्षा साधी आहे: नुसता तानपुरा लावायचा. चारही तारा सुट्या कळल्या आणि जवारीचा (घोडीवरच्या तारेचा) झंकार टिकून राहिला, तर पुढचं ऐकायचं. पण ही परीक्षा घ्यायला माल हातात यायला हवा, आणि त्यासाठी नागपूरला बर्डीच्या बाजारात जायचं म्हटलं तर अख्खा दिवस मोडतो.

वाचून दोन नावं काढली आहेत. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स: बंद कप, ४० मिमी ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), ४७ ओहम (विजेला होणारा अडथळा). सेनहायझर एचडी २०६: हाही बंद, २४ ओहम. दोन्हींची वायर ३ मीटर! यष्टीत एवढी वायर ठेवायची कुठे? शिवाय नागपुरात एकजण जुना बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा, माझ्या बजेटमध्ये द्यायला तयार आहे. मन तिकडे ओढतंय.

अडचणी अशा:

फोनला ३.५ मिमीचं भोक नाही, टाइप-सी आहे. हेडफोन जोडायला मधला कनेक्टर कुठलाही चालतो का?

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. रेक्झिनच्या कुशनचे पापुद्रे निघतात, घामाने कान उकडतात. डोक्याला दुपट्टा बांधलेला असतो तो वेगळाच.

आणि रात्री पीक राखायला जागलीला गेलो तर तिथेही हाच चालेल का?

रानपाखरू:
भाऊ, जागलीले बंद कपाचा घालून बसूच नोका. रानडुकरं हरभऱ्यात घुसले त तुमाले पत्ता लागनार नाही, अन् सापाचं त बोलूच नोका. तिथं फोनचाच स्पीकर मोठा करून ठेवा. मान्साचा आवाज आयकला की डुक्कर बी जरा दूर रायते. तुमचं ऐकनं होते, पिकाची राखन बी होते.

जुना_टेपरेकॉर्डर:
रानपाखरूंशी सहमत. उघड्या पाठीचा हेडफोन घेतला तर शेतात बाहेरचं ऐकू येईल, पण यष्टीत तो निकामी. दोन्हीला पुरेल असा एक नग शोधू नका, गाडीसाठीच घ्या.

२५० ओहमचा मोह सोडा. हेडफोन उत्तमच आहे, मखमली कुशन उन्हाळ्यात बरे पडतात, पण तोच ३२ आणि ८० ओहममध्येही येतो आणि फोनसाठी ३२ किंवा ८०चा हवा. चांगल्या कनेक्टरमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. २५० ओहमवर त्याचे ४ मिलिवॉट होतात, ४७ ओहमवर २१. एम२०एक्सची संवेदनशीलता, म्हणजे १ मिलिवॉटला होणारा आवाज, ९६ डेसिबल आहे, म्हणजे २१ मिलिवॉटला १०९च्या आसपास. एवढं तुम्ही कधी लावणार नाही, लावूही नये. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असा आहे. नुसते ओहम पाहू नका, ही संवेदनशीलता सोबत पाहा.

कनेक्टर आत डॅक (डिजिटल गाण्याचं अॅनालॉग आवाजात रूपांतर करणारी चिप) असलेलाच घ्या. स्वस्तातल्या काहींत नुसती वायर जोडलेली असते. फोन टाइप-सीतून अॅनालॉग आवाज देत नसेल तर त्यातून काहीच वाजत नाही.

चष्म्याचं मात्र सांभाळा. दांडीमुळे कुशन आणि कानशिलात फट राहते आणि तिथून खर्ज निसटतो. दुपट्ट्याचंही तेच, तो कानावरून बाजूला घ्या. मग उगाच ‘यात बास नाही’ म्हणून परत पाठवाल. यष्टीत खिडक्यांचा खडखडाट बंद कपाने कमी होईल, इंजिनाची घरघर तेवढी अडणार नाही. ती दाबायला आवाज वाढवत बसू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. जागलीला स्पीकरच. डीटी ७७०वाल्याला आजच नाही कळवतो. एम२०एक्स मागवतोय, तालुक्याच्या पत्त्यावर, कारण गावात कुरिअर येत नाही. वायर गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने बांधेन. एकच राहिलं: कुशनवर जुन्या सुती धोतराची खोळ शिवली तर घाम टिपला जाईल, पण आवाज बिघडेल का?

जुना_टेपरेकॉर्डर:
पातळ, एकपदरी असेल तर खर्ज किंचित उतरेल, बाकी चालेल. जाड शिवण कानाच्या बाजूला येऊ देऊ नका. आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोळ घालू नका, आधी तानपुरा ऐकून घ्या.