मुख्य प्रोग्राम अचानक बंद पडल्यास चाइल्ड प्रोसेस कशा थांबवाव्यात?

प्रश्न (सांगली)

हळद बाजारातील एका अडत दुकानासाठी मी लिनक्सवरचा प्रोग्राम लिहिला आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यासाठी तो एक चाइल्ड प्रोसेस (मुख्य प्रोग्रामने सुरू केलेली वेगळी उपप्रक्रिया) सुरू करतो आणि ती सिरियल पोर्टवरून वजन वाचते. मेमरी अपुरी पडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मुख्य प्रोग्राम मारून टाकतो, चाइल्ड मात्र चालूच राहतात. प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर जुनी आणि नवी अशा दोन प्रोसेस एकाच पोर्टवरून वाचू लागतात, काही अंक एकीकडे तर काही दुसरीकडे जातात आणि पोत्याचे वजन चुकते. शेतकऱ्याच्या पट्टीत चुकीचे वजन जाणे मला मुळीच मान्य नाही. चाइल्ड बंद करण्यासाठी सिग्नल हँडलर (प्रोग्रामला सिस्टिमची सूचना, म्हणजे सिग्नल, आल्यावर चालणारा कोड) लिहिला आहे, पण तो चालतच नाही.

उत्तर (सातारा)

कर्नल अशा वेळी सिगकिल, म्हणजे ९ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. तो कोणत्याही प्रोग्रामला अडवता येत नाही, त्यामुळे आपल्या हँडलरची पाळीच येत नाही. पोरकी झालेली प्रोसेस मरत नाही, ती सहसा पीआयडी १ कडे (म्हणजे क्रमांक १ च्या, सर्वात आधी सुरू होणाऱ्या प्रोसेसकडे) दत्तक जाते. म्हणून आवराआवरीची जबाबदारी मरणाऱ्यावर ठेवू नये. चाइल्डने सुरू होताच पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलमधील (कर्नलला विनंती करण्याच्या फंक्शनमधील) पीडेथसिग ही सोय वापरून ‘पालक गेला की मला सिगकिल पाठव’ असे कर्नलला सांगावे आणि त्यानंतर लगेच गेटपीपीआयडीने पालकाचा क्रमांक पडताळावा. कारण पालक त्याआधीच गेलेला असेल, तर तो सिग्नल कधीच येणार नाही.

उत्तर (मिरज)

दुकानात रोज चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मी सिस्टिमडी (लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करून त्यांवर लक्ष ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिसच सुचवेन. तिथे किलमोडचे (कोणत्या प्रोसेस थांबवायच्या, हे ठरवणाऱ्या सेटिंगचे) मूळ मूल्य कंट्रोल-ग्रुप, म्हणजे सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसचा गट, असे असते, त्यामुळे मुख्य प्रोसेस गेली की गटातील उरलेल्या सर्व प्रोसेस थांबवल्या जातात आणि रीस्टार्ट लावले असल्यास त्यानंतरच नवी सुरुवात होते. मेमरी का संपते, हेही मात्र शोधावेच लागेल.

प्रश्नकर्ता

पीडेथसिग लावून पाहिले, तर मुख्य प्रोग्राम चालू असतानाही चाइल्ड मरू लागल्या. मी त्या एका अल्पकाळ चालणाऱ्या थ्रेडमधून (प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यातून) सुरू करतो.

उत्तर (सातारा)

कारण तेच आहे. येथे ‘पालक’ म्हणजे चाइल्ड निर्माण करणारा थ्रेड. तो संपला की सिग्नल जातो. चाइल्ड मुख्य थ्रेडमधूनच सुरू कराव्यात.

प्रश्नकर्ता

तसा बदल केला आणि सर्व्हिसही लावली. मुख्य प्रोसेसला मुद्दाम किल -९ देऊन पाहिले. आता प्रत्येक पोर्टवर एकच वाचक दिसतो. दोघांचेही मनापासून आभार.